व्यक्ती तितक्या प्रकृती

श्रोतेहो, ‘व्यक्ती तितक्या प्रकृती’ ही म्हण आपण बहुधा माणसांच्या लहरी आणि स्वभाव यांविषयी बोलताना वापरतो. परंतु ती शब्दशः घेतली, तर वैद्यकाचे एक मोठे सूत्र तीत सामावलेले आहे. चरकसंहितेत रोग्याची दशविध परीक्षा सांगितली आहे, आणि त्या दहांत पहिले स्थान प्रकृतीला दिले आहे. एकाला मानवणारे औषध दुसऱ्याला बाधू शकते, सबब औषध नुसत्या रोगाला नव्हे, तर रोग्याला द्यावयाचे असते, हे आपल्या वैद्यांनी फार पूर्वी ओळखले होते. मात्र एकाची प्रकृती दुसऱ्याहून नेमकी कशात भिन्न आहे, हे मोजून दाखविण्याचे साधन त्यांच्यापाशी नव्हते. ते साधन हाती येण्यास विसावे शतक उजाडावे लागले.

अलीकडे वर्तमानपत्रांतून ‘जनुके पाहून उपचार’ अशी वार्ता वारंवार येते. ती वाचून आपला असा समज होतो की, ही पश्चिमेकडून आलेली नवलाई आहे, आणि तिचा लाभ मोठ्या शहरांतील श्रीमंतांपुरताच राहणार. इतिहास पाहिला तर हा समज टिकत नाही. या विद्येच्या आरंभीचे एक महत्त्वाचे प्रकरण मुंबईत, परळच्या रुग्णालयात, काही काचनळ्या आणि पुष्कळसा चिकाटीचा स्वभाव एवढ्या भांडवलावर लिहिले गेले. ते प्रकरण आज आपणांपुढे मांडावयाचे आहे. त्याचा धागा आमच्या लष्करच्या घराघरांपर्यंत कसा येऊन पोहोचतो, हेही ओघाने सांगेन.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. व्हिएन्नाच्या कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये असे दाखविले की, सर्व माणसांचे रक्त लाल असले तरी ते एकजात नसते. एकाच्या तांबड्या पेशी दुसऱ्याच्या रक्तरसात मिसळल्या, तर कधी त्या सुखाने तरंगतात, तर कधी त्यांच्या गुठळ्या होतात. यावरून ए, बी, ओ आणि पुढे एबी असे रक्तगट ठरले. या शोधाबद्दल लँडस्टायनर यांना १९३० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. पहिल्या महायुद्धात सालोनिका आघाडीवर लुडविक आणि हन्ना हिर्त्सफेल्ड या दांपत्याने नाना देशांच्या सैनिकांचे रक्त तपासले. त्यांत हिंदी सैनिकही होते, आणि त्यांच्यात बी गटाचे प्रमाण युरोपीय सैनिकांपेक्षा पुष्कळच अधिक आढळले. १९१९ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला, आणि रक्तगट आनुवंशिक असून निरनिराळ्या लोकसमूहांत त्यांचे प्रमाण निरनिराळे असते, ही गोष्ट अभ्यासकांच्या ध्यानी आली.

आनुवंशिकतेचे नियम त्यापूर्वीच सापडलेले होते. ब्रनो येथील मठातील ग्रेगोर मेंडेल या धर्मगुरूने मठाच्या बागेत वाटाण्याची रोपे वाढवून १८६५ मध्ये आपले निष्कर्ष वाचून दाखविले होते. तथापि १९०० पर्यंत जगाने त्यांची दखल घेतली नाही. दखल घेतल्यावर मात्र दोनच वर्षांत, १९०२ मध्ये, लंडनच्या आर्चिबाल्ड गॅरड या वैद्याने एका दुर्मिळ आनुवंशिक विकाराचा अभ्यास करताना असे प्रतिपादिले की, माणसांचे चेहरे जसे एकसारखे नसतात, तसे त्यांच्या शरीरांतील रासायनिक व्यवहारही एकसारखे नसतात. आज ज्याला व्यक्तीनुरूप उपचार म्हणतात, त्याचे बीज या विचारात आहे.

आता परळकडे वळू. सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेले केईएम रुग्णालय १९२६ मध्ये सुरू झाले. देणगी देणाऱ्या विश्वस्तांची एक अट होती, ती ही की, येथे शिकविणारे अध्यापक भारतीयच असावेत. परकीय सत्तेच्या काळात वैद्यकीय शिक्षणातील वरच्या जागा बहुशः गोऱ्या अधिकाऱ्यांच्या हाती असत. अशा दिवसांत ही अट म्हणजे आपल्या माणसांच्या बुद्धीवर टाकलेला विश्वासच होता. तो विश्वास सार्थ ठरल्याची अनेक उदाहरणे आहेत. त्यांतील एक १९५२ चे.

त्या सुमारास मुंबईत काही व्यक्तींचे रक्त तपासताना एक चमत्कारिक प्रकार आढळला. त्यांच्या तांबड्या पेशींवर ए नाही आणि बीही नाही. नेहमीच्या हिशेबाने त्यांचा गट ओ ठरावा. पण ओ गटाचे रक्त त्यांच्या रक्तरसाशी जुळवून पाहावे, तर तेही जुळेना! ए नको, बी नको, एबी नको, आणि जे सर्वांना चालते असे आपण समजतो, ते ओ देखील नको. डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. सी. के. देशपांडे आणि डॉ. एच. एम. भाटिया यांनी हा प्रकार हातची चूक म्हणून बाजूस सारला नाही. त्यांनी पुनःपुन्हा परीक्षा केल्या आणि लंडनच्या लिस्टर संस्थेतील रूथ सँगर, रॉबर्ट रेस, वॉल्टर मॉर्गन आणि विनिफ्रेड वॉटकिन्स या तज्ज्ञांशी संधान बांधले. मे १९५२ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात या सर्वांच्या नावे तीन व्यक्तींची हकीकत प्रसिद्ध झाली. रक्तविद्येत एका नव्या प्रकाराची भर पडली, आणि जगाने त्याला आपल्या शहराचे नाव दिले. आजही जगभरच्या रक्तपेढ्यांत तो ‘बॉम्बे’ गट म्हणूनच ओळखला जातो.

यामागचे कोडे पुढील काही वर्षांत उलगडले. ते समजण्यासाठी भिंतीवरच्या खुंटीची उपमा पुरेशी आहे. आपल्या तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावर ‘एच’ नावाचा एक पदार्थ असतो. ही झाली खुंटी. ए गटाच्या माणसात या खुंटीवर एका प्रकारच्या साखरेचा कण लटकतो, बी गटाच्या माणसात दुसऱ्या प्रकारचा, आणि एबी गटात दोन्ही. ओ गटाच्या माणसाची खुंटी रिकामीच राहते, पण ती असते. मुंबई गटाच्या माणसात मात्र खुंटीच नसते. मग ए किंवा बी कण बनविण्याची शक्ती आईबापांकडून मिळालेली असली तरी तो कण लटकविणार कोठे? वरून पाहणाऱ्याला भिंत कोरी दिसते आणि तो ‘ओ’ असे लिहून मोकळा होतो. या माणसाचे शरीर मात्र एच पदार्थाला परका समजते, कारण त्याने तो कधी पाहिलेलाच नसतो. त्याच्या रक्तरसात एच-विरोधी द्रव्ये तयार असतात. अशा माणसाला ओ गटाचे रक्त दिले तर दिलेल्या पेशी फुटू लागतात, मूत्रपिंडांवर ताण पडतो आणि प्राणावर बेतू शकते. त्याला चालते ते केवळ मुंबई गटाच्याच दुसऱ्या माणसाचे रक्त.

या शोधाला घरगुती आणि सामाजिक अशी एक बाजूही आहे. मुंबई गटाच्या व्यक्तीच्या अंगी ए किंवा बी जनुक दडलेले असू शकते, आणि पुढच्या पिढीत ते प्रकट होऊ शकते. १९५५ मध्ये अमेरिकेत फिलिप लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच एका कुटुंबाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. वरकरणी ‘ओ’ ठरलेल्या मातेच्या पोटी ‘एबी’ गटाचे मूल जन्मू शकते, हे त्यावरून स्पष्ट झाले. नेहमीच्या कोष्टकाप्रमाणे हे अशक्य होय. ते कोष्टक पाठ केलेला अर्धवट जाणकार अशा वेळी काय निष्कर्ष काढील, आणि त्या निष्कर्षाने एखाद्या घराचे काय होईल, हे सांगावयास नको. निसर्गाचा नियम अपुरा कळला असता त्याचा दोष निरपराध माणसाच्या माथी कसा बसतो, याचे हे उदाहरण आहे. त्यावर उतारा म्हणजे तो नियम पुरतेपणी जाणून घेणे.

हा गुण वंशात उतरतो कसा? एच पदार्थ बनविणारे जनुक आई आणि बाप या दोघांकडूनही सदोष आले, तरच मूल मुंबई गटाचे होते. एकाकडून सदोष आणि दुसऱ्याकडून निर्दोष आले, तर काहीच दिसत नाही, पण तो गुण गुपचूप पुढे वाहत राहतो. आईबाप एकमेकांचे नातलग असतील तर दोघांच्या अंगी एकाच पूर्वजाकडून आलेले तेच सदोष जनुक असण्याचा संभव वाढतो. महाराष्ट्रात अनेक जातींत मामाच्या मुलीशी विवाह करण्याची चाल आहे, आणि दक्षिणेत नात्यातील विवाह अधिकच रूढ आहेत. डॉ. भाटिया आणि डॉ. एल. डी. संघवी यांनी १९६२ मध्ये दुर्मिळ रक्तगट आणि नात्यातील विवाह यांच्या संबंधाचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे १९७४ मध्ये डॉ. भाटिया आणि त्यांच्या सहकाऱ्याने मुंबईतील प्रमाण सुमारे ७,६०० माणसांत एक असे दिले. संपूर्ण भारतात ते ढोबळमानाने दहा हजारांत एक, तर युरोपात दहा लाखांत एक, असे सांगतात.

मुंबईत हे काम एकाएकी उगवले नव्हते. डॉ. वसंतराव खानोलकर आणि डॉ. संघवी यांनी मुंबईतील सहा अंतर्विवाही समाजांच्या आनुवंशिक लक्षणांची पाहणी १९४९ च्या सुमारासच प्रसिद्ध केली होती. १९५७ मध्ये मुंबईत रक्तगटांसाठी एक संदर्भ केंद्र स्थापन झाले. तेच पुढे राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत परिणत झाले, आणि आजही ही संस्था केईएम रुग्णालयाच्याच आवारात काम करीत आहे. कोठल्याही गावच्या रक्तपेढीला न उकलणारा नमुना तपासून घेता यावा, अशी एक जागा देशात असणे किती मोलाचे आहे, हे अडलेल्यालाच कळते.

रक्ताच्या बाबतीत जे सिद्ध झाले, तेच त्याच दशकात औषधांच्या बाबतीतही सिद्ध होत होते. हिवतापावरील प्रायमाक्विन हे औषध बहुतेकांना सोसते. काहींच्या मात्र तांबड्या पेशी त्याने फुटतात, रक्त उतरते आणि लघवी काळसर होते. १९५६ मध्ये शिकागो येथील पॉल कार्सन, अल्फ आल्व्हिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचे कारण शोधून काढले. अशा माणसांच्या पेशींत जी-सिक्स-पीडी नावाचे एक संरक्षक द्रव्य जन्मतःच कमी असते. हे प्रयोग एका तुरुंगातील कैद्यांवर झाले होते, आणि बंदिवान माणसाची संमती कितपत मोकळी मानावी हा प्रश्न त्या यशावर कायमचा उभा आहे. आपल्याकडे डॉ. बक्षी, डॉ. संघवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत या न्यूनतेची पाहणी केली. पारशी समाजात ती विशेष आढळते, असे १९६३ मध्ये त्यांनी नमूद केले.

क्षयाचे उदाहरणही असेच आहे. ज्या १९५२ साली मुंबई गटाचा शोध प्रसिद्ध झाला, त्याच साली आयसोनियाझिड हे क्षयावरचे प्रभावी औषध वैद्यांच्या हाती आले. पण ते शरीरातून काढून टाकण्याची गती सर्वांची सारखी नसते, आणि ती आनुवंशिक असते. मंद गतीच्या माणसात औषध साचून राहते. त्याच्या हातापायांना मुंग्या येतात, आणि त्यावर बी-सिक्स जीवनसत्त्वाचा उपयोग होतो. शीघ्र गतीच्या माणसात औषध लवकर निघून जाते. १९५६ मध्ये स्थापन झालेल्या मद्रासच्या क्षयोपचार संशोधन केंद्राने भारतीय रुग्णांत हा भेद मोजला. औषध आठवड्यातून एकदाच दिले तर शीघ्र गतीच्या रुग्णांना त्याचा लाभ कमी होतो, हेही तेथील कामातून दिसून आले. जर्मनीच्या फ्रीडरिश फोगेल यांनी १९५९ मध्ये या विद्येला ‘फार्माकोजेनेटिक्स’ असे नाव दिले, तेव्हा तिचे कित्येक पुरावे मुंबई आणि मद्रास येथे जमत होते, किंवा जमू लागणार होते.

त्यानंतर विद्या फार पुढे गेली. एच पदार्थ घडविणारे जनुक १९९० मध्ये हाती आले. ते एकोणिसाव्या गुणसूत्रावर आहे. मुंबई गटाच्या भारतीय व्यक्तींत या जनुकाच्या ७२५ व्या स्थानी एक अक्षर बदललेले असते, असे पुढे आढळून आले. हजारो अक्षरांच्या मजकुरातील एक अक्षर, आणि त्यावर माणसाचे जगणे-मरणे अवलंबून! २००३ मध्ये मानवी जनुकसंचाच्या वाचनाची योजना पूर्ण झाली, आणि २०२५ च्या जानेवारीत दहा हजार भारतीयांच्या जनुकसंचांची माहिती संशोधकांना खुली करण्यात आली. अपस्मारावरील किंवा हृदयविकारावरील काही औषधे देण्यापूर्वी जनुकांची परीक्षा करावी, असे आज सुचविले जाते. हे सारे स्वागतार्हच आहे.

परंतु श्रोतेहो, शोध लागणे निराळे आणि तो रुग्णाच्या खाटेपाशी पोहोचणे निराळे. याचा दाखला आमच्याच मध्य प्रदेशात २०२४ च्या मे महिन्यात मिळाला. इंदूर येथे एक स्त्री अत्यवस्थ होती. वृत्तपत्रांतील बातमीप्रमाणे, आधीच्या एका रुग्णालयात शस्त्रक्रियेच्या वेळी तिला ओ गटाचे रक्त दिले गेले होते आणि त्यामुळे तिची प्रकृती बिघडली होती. ती मुंबई गटाची होती. मग शोधाशोध झाली. नागपूरहून विमानाने रक्त आले, तिच्या बहिणीने दिले, आणि शिर्डीहून एक गृहस्थ चारशेहून अधिक किलोमीटर मोटारीने प्रवास करून स्वतः रक्त देण्यास आले. तिचे प्राण वाचले. परळच्या शोधाला तेव्हा बहात्तर वर्षे झाली होती.

लष्करला ही गोष्ट विशेष लागू पडते. १८१० मध्ये दौलतराव शिंदे यांची छावणी येथे स्थिरावली, म्हणून या वस्तीला लष्कर हे नाव पडले. शिंदेशाहीबरोबर देशावरून आणि कोकणातून पुष्कळ मराठी घराणी या बाजूस आली. त्यांनी आपली आडनावे आणली, कुलदैवते आणली, पुरणपोळी आणि गणेशोत्सव आणला. आणि ज्याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही, असा आपल्या रक्तातील वारसाही आणला. परमुलखातील लहानशा समाजात सोयरिकी त्याच त्या घरांत फिरत राहतात. तेव्हा जो गुण मुंबईच्या इस्पितळात दिसला, तो येथे कोणाच्याच अंगी नसेल असे धरून चालणे शहाणपणाचे नाही.

आम्हां शिक्षकांच्या हातून दरवर्षी मुलांच्या ओळखपत्रांवर रक्तगट लिहिला जातो. शिबिरात बोटातून थेंब घेऊन काचपट्टीवर जी परीक्षा होते, तीत बहुधा फक्त पेशी तपासतात. त्या परीक्षेत मुंबई गटाचे मूल ‘ओ’ म्हणूनच दिसते. खरी गोष्ट कळण्यासाठी रक्तरसही तपासावा लागतो. त्याने ओ गटाच्या पेशींच्याही गुठळ्या केल्या तर संशय घ्यावा, आणि युलेक्स नावाच्या काटेरी झुडुपाच्या बियांचा अर्क वापरून पेशींवर एच पदार्थ आहे की नाही, याची खात्री करावी. या परीक्षांना कोट्यवधींचे यंत्र लागत नाही. रक्त चढविण्यापूर्वी देणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे रक्त जुळवून पाहण्याचा नियम तर आहेच. तो घाईगर्दीतही मोडला जाऊ नये, एवढा आग्रह रुग्णाच्या नातेवाइकांनी नम्रपणे पण ठामपणे धरावा. ओळखपत्रावरचे अक्षर हे परीक्षेचे उत्तर नव्हे. ती केवळ एक सूचना आहे.

ज्यांचा गट मुंबई म्हणून निश्चित झाला असेल, त्यांनी आपल्या भावाबहिणींचीही परीक्षा करून घ्यावी, कारण प्रसंगी रक्त मिळण्याचा सर्वांत जवळचा संभव तेथेच असतो. आपले नाव त्यांनी रक्तपेढीत नोंदवून ठेवावे. यात लाजण्याजोगे किंवा सोयरीक मोडण्याजोगे काहीही नाही. रक्तगट हा रोग नव्हे, उच्चनीचतेचे चिन्ह तर नव्हेच नव्हे. रक्ताच्या नावाने वंशश्रेष्ठतेचे जे थोतांड गेल्या शतकात युरोपात माजले, त्याची फळे जगाने भोगली आहेत. भेद ओळखावयाचा तो माणूस दूर सारण्यासाठी नव्हे, त्याला जपण्यासाठी.

व्यक्तीनुरूप उपचार असे म्हटले की, एकट्या माणसासाठी घडविलेले एकट्याचे औषध, असे चित्र डोळ्यांपुढे येते. मुंबई गटाची कथा त्याच्या उलट सांगते. ज्याचे रक्त सर्वांहून वेगळे, त्यालाच दुसऱ्या माणसाची सर्वांत अधिक गरज लागते. त्याला प्रयोगशाळेतील दक्ष कारकून हवा, गावोगावच्या नोंदी हव्यात, आणि रात्री-अपरात्री निघून येणारा एखादा अनोळखी दाताही हवा. डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका न जुळणाऱ्या काचनळीकडे दुर्लक्ष केले नाही, म्हणून ही माणसे ओळखता आली. तेवढेच लक्ष आपल्या रक्तपेढ्यांनी, शाळांनी आणि कुटुंबांनी दिले, तर पुढच्या खेपेस रक्त चढविण्यापूर्वीच ती ओळखली जातील.